लॉर्डांच्या सभेंतील एक दिवस

१९४१ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेला रात्रीं जर्मन विमानांनीं लंडनवर जो बाँबवर्षाव केला, त्यांत पार्लमेंटच्या प्रासादांतील कॉमन्स सभेचें दालन जळून खाक झालें. लोकप्रतिनिधींना बसावयास जागा उरली नाहीं. तेव्हां लॉर्डांनीं आपलें भव्य सभागृह त्यांच्या स्वाधीन केलें आणि त्याच इमारतींतील एका लहानशा दालनांत आपला मुक्काम हलविला. पार्लमेंटच्या उद्‌घाटनाला येणारा राजा ज्या दालनांत राजवस्त्रें व मुकुट धारण करतो, तें हें दालन. युद्धाचीं उरलेलीं वर्षें ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाचें कामकाज बहुतांशीं या उसन्या जागेंत चाललें. येथेंच बुधवार, ता. ९ फेब्रुवारी १९४४ रोजीं एक चर्चा झाली. तिच्या अखेरीस मतदान झालें नाहीं, सरकार डळमळलें नाहीं, आणि युद्धाचा एकहि हुकूम बदलला नाहीं. तरीहि त्या युद्धकाळांत पार्लमेंटमध्यें झालेल्या ज्या थोड्या भाषणांची आठवण पुढील पिढ्यांनीं ठेविली, त्यांत त्या दिवशींच्या एका भाषणाची गणना होते.

या चर्चेचें मर्म कळण्यासाठीं लॉर्डांच्या सभेचें त्या काळचें स्वरूप ध्यानांत घ्यावयास हवें. तिचे बहुतेक सभासद वंशपरंपरेनें आलेले उमराव असत. त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशपहि तेथें बसत. १९११ च्या कायद्यानें या सभेचे दांत बरेचसे काढून घेतले होते. पैशांसंबंधींचें विधेयक ती अडवूं शकत नव्हती, आणि इतर विधेयकें फार तर दोन वर्षें लांबवूं शकत होती. तिच्या मतानें मंत्रिमंडळ पडत नसे. सत्तेच्या दृष्टीनें पाहिलें तर ही सभा दुबळी होती. परंतु या दुबळेपणाच्या पोटींच तिचें एक सामर्थ्य दडलेलें होतें. तेथें बोलणाऱ्याला मतदारांची भीति नव्हती, पुढील निवडणुकीची चिंता नव्हती. १९४० पासून हुजूर, मजूर व उदारमतवादी असे तिन्ही प्रमुख पक्ष चर्चिलसाहेबांच्या संयुक्त मंत्रिमंडळांत सामील झाले होते. त्यामुळें खालच्या सभागृहांत विरोधी पक्ष असा नांवापुरताच राहिला होता. अशा वेळीं अप्रिय प्रश्न विचारावा कोणीं, हा पेंच होता.

तो प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणजे चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल. त्यांचा जन्म १८८३ सालचा. पहिल्या महायुद्धांत त्यांचे दोन सख्खे भाऊ रणांगणावर पडले होते. पुढें ते कँटरबरीचे डीन झाले आणि १९२९ पासून चिचेस्टरच्या गादीवर आले. हिटलरच्या हातीं सत्ता आल्यापासून जर्मनींतील छळाला तोंड देणाऱ्या पाद्र्यांशीं त्यांचा निकटचा संबंध होता. डीट्रिख बोनहोफर हा तरुण जर्मन धर्मोपदेशक त्यांचा स्नेही होता. १९४२ सालीं स्वीडनमधील सिग्टुना येथें या दोघांची भेट झाली, आणि हिटलरला उलथून पाडूं इच्छिणाऱ्या जर्मनांचीं नांवें बोनहोफरनें बेल यांच्या कानीं घातलीं. बेल यांनीं तीं परराष्ट्रमंत्री ईडन यांना कळविलीं; परंतु त्या गटाला कसलेंहि उत्तर पाठविण्याचें ब्रिटिश सरकारनें नाकारलें. तात्पर्य, जर्मनी म्हणजे हिटलर नव्हे, ही गोष्ट बेल यांना पुस्तकांतून कळलेली नव्हती. त्या देशांतील माणसें त्यांच्या ओळखीचीं होतीं. ते शांततावादी नव्हते. हें युद्ध लढलेंच पाहिजे, असें त्यांचें मत होतें. त्यांचा प्रश्न युद्ध कसें लढावें याविषयींचा होता.

या प्रश्नाची पूर्वपीठिका अशी. युद्धाच्या आरंभीं ब्रिटिश बाँबफेकी विमानांना कारखाने, रेल्वेचीं ठाणीं, तेलाच्या टाक्या अशीं नेमकीं लक्ष्यें दिली जात. दिवसा गेलें तर शत्रूच्या लढाऊ विमानांपुढें निभाव लागत नसे; म्हणून हल्ले रात्रीं होऊं लागले. रात्रीं लक्ष्य सांपडत नसे. १९४१ च्या ऑगस्टमध्यें हल्ल्यांच्या छायाचित्रांची तपासणी झाली, तेव्हां लक्ष्यावर बाँब टाकल्याचें सांगणाऱ्या विमानांपैकीं जेमतेम एक तृतीयांश विमानेंच लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोंचलीं होतीं, असें आढळून आलें. रूरच्या धुरकट औद्योगिक प्रदेशांत हें प्रमाण दहांत एक इतकें खालीं होतें. कारखाना सांपडत नाहीं, पण शहर मात्र सांपडतें, अशी ही स्थिति होती. १४ फेब्रुवारी १९४२ च्या हुकुमानें या स्थितीलाच धोरणाचें रूप आलें. शत्रूच्या नागरिकांचें, विशेषतः कामगारांचें मनोधैर्य खचविणें हें बाँबदलाचें मुख्य उद्दिष्ट ठरलें. दुसऱ्याच दिवशीं विमानदलाचे प्रमुख पोर्टल यांनीं टिपण लिहून खुलासा केला कीं, नेम धरावयाचा तो दाट वस्तीवर, गोद्यांवर किंवा कारखान्यांवर नव्हे. त्याच महिन्यांत आर्थर हॅरिस हे बाँबदलाचे सेनापति झाले. मग ल्यूबेक, रोस्टॉक, कोलोन अशीं शहरामागून शहरें जळूं लागलीं. १९४३ च्या जुलैअखेर हॅम्बुर्गवर ओळीनें हल्ले झाले. २७ जुलैच्या रात्रीं तेथें लहानलहान आगी एकमेकींत मिसळून असा अग्निप्रलय उसळला कीं, त्याच्या ओढीनें वादळी वारे सुटले आणि तळघरांत दडलेले लोक गुदमरून मेले. या हल्ल्यांत मिळून सुमारें ३७ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, असें पुढील संशोधनानें दिसून आलें आहे. नोव्हेंबरपासून बर्लिनची पाळी आली.

ही नीति सरकारनें पार्लमेंटला उघडपणें सांगितली होती काय? नाहीं. कॉमन्स सभेंत मजूर पक्षाचे रिचर्ड स्टोक्स यांनीं १९४३ सालीं याविषयीं पुनःपुन्हां प्रश्न विचारले. पहिल्या युद्धांत शौर्याबद्दल पदक मिळविलेल्या या सैनिकाला विमानखात्याचे मंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांच्याकडून एकच ठराविक उत्तर मिळे: आमचीं लक्ष्यें नेहमीं लष्करीच असतात, रात्रींच्या हल्ल्यांत आसपासच्या भागावर बाँब पडावयाचेच. गंमत अशी कीं, ही संदिग्धता खुद्द हॅरिस यांनाहि मान्य नव्हती. जर्मन शहरांचा विध्वंस आणि जर्मन कामगारांचा संहार हेंच आपलें ध्येय असल्याचें सरकारनें जाहीरपणें सांगावें, अशी मागणी त्यांनीं १९४३ च्या ऑक्टोबरांत विमानखात्याला लिहिलेल्या पत्रांत केली होती. खात्यानें ती मानली नाहीं. सेनापतीला सत्य सांगावयाचें होतें, बिशपला तें विचारावयाचें होतें, आणि मधलें मंत्रिमंडळ त्यावर पडदा ओढून बसलें होतें. त्या पत्राची बातमी त्या वेळीं पार्लमेंटला नव्हती, बेल यांनाहि नव्हती.

अशा परिस्थितींत ९ फेब्रुवारीचा दिवस उजाडला. जानेवारीपासून लंडनवर जर्मन विमानांचे रात्रींचे हल्ले पुन्हां सुरू झाले होते. लोकांच्या मनांतील जुन्या जखमा ताज्या झाल्या होत्या. जर्मन शहरांतील नागरिकांविषयीं चार शब्द बोलावयास याहून वाईट मुहूर्त शोधूनहि सांपडला नसता. लॉर्ड वुल्टन हे युद्धकाळांत अन्नमंत्री म्हणून घरोघर परिचित झालेले गृहस्थ बेल यांच्या जवळच बसले होते. बेल उठण्यापूर्वीं त्यांनीं त्यांना हळूच सांगितलें कीं, तुम्ही हें भाषण करूं नये असें या सभेंतील प्रत्येकाला वाटत आहे. परंतु धर्मगुरु या नात्यानें तुम्ही आपलें कर्तव्य समजूनच तें करीत आहां, हेंहि येथें प्रत्येकजण जाणतो. त्या सभेची खरी मनःस्थिति या दोन वाक्यांत उतरली आहे.

बेल यांनीं मांडलेला ठराव दिसावयास अगदीं साधा होता. शत्रूच्या शहरांवरील बाँबवर्षावासंबंधीं, आणि विशेषतः नागरिकांवर व लष्कराशीं किंवा उद्योगाशीं संबंध नसलेल्या वास्तूंवर त्याच्या होणाऱ्या परिणामांसंबंधीं सरकारनें आपलें धोरण सांगावें, व त्याविषयींचे कागद सभेपुढें ठेवावे. कागद मागण्याचा हा ठराव म्हणजे लॉर्डांच्या सभेंतील एक जुनी वहिवाट होती. कागद मिळावे अशी कोणाचीच अपेक्षा नसे. ठराव मांडल्यानें मांडणाऱ्याला उत्तरादाखल पुन्हां बोलण्याचा हक्क मिळे, मंत्र्याला उठून उत्तर द्यावें लागे, आणि शेवटीं ठराव परत घेतला जाई.

भाषणाच्या प्रारंभींच त्यांनीं गैरसमजाचीं दारें बंद केलीं. वैमानिकांच्या शौर्यावर आपणांस टीका करावयाची नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट केलें. शहरांवरील हल्ल्यांना आरंभ जर्मनांनींच केला, हेंहि त्यांनीं नांवें घेऊन सांगितलें: वॉर्सा, रॉटरडॅम, बेलग्रेड, लंडन, पोर्टस्मथ, कॉव्हेंट्री, कँटरबरी. शत्रूचे कारखाने व दळणवळणाचीं केंद्रें उद्ध्वस्त करणें हा युद्धांतील रास्त व्यवहार आहे आणि त्यांत आसपासचे नागरिक मारले जाणें कधींकधीं टळत नाहीं, हेंहि त्यांनीं मान्य केलें. मात्र साधन आणि साध्य यांत कांहीं प्रमाण असलें पाहिजे. एका भागांत कांहीं कारखाने आहेत म्हणून सबंध शहरच वस्ती-वस्तीनें पुसून टाकणें, ही निराळी गोष्ट झाली.

मग त्यांनीं हॅम्बुर्ग व बर्लिन या शहरांचीं उदाहरणें घेतलीं. हॅम्बुर्गमध्यें २८ हजार माणसें मेलीं आणि आठ लाख ग्रंथांच्या ग्रंथालयाचा फार मोठा भाग भस्मसात झाला, असें त्यांनीं सांगितलें. बर्लिनविषयीं त्यांनीं ७४ हजार मृत व ३० लाख बेघर असे आंकडे दिले. युद्ध चालू असतांना शत्रूच्या राज्यांतील खरी माहिती मिळणें दुर्घटच. पुढील मोजणींत हॅम्बुर्गचा त्यांचा आंकडा कमी आणि बर्लिनच्या मृतांचा पुष्कळच जास्त ठरला. तथापि त्यांचा मुद्दा आंकड्यांवर उभा नव्हता. या मार्गानें युद्ध लवकर संपेल आणि आपल्या सैनिकांचे प्राण वांचतील, असें सांगण्यांत येत होतें. तसें घडावें ही इच्छा त्यांचीहि होती. परंतु जें कृत्य स्वभावतःच अमानुष आहे, त्याचें समर्थन केवळ उपयुक्ततेनें करूं लागलें कीं, बळी तो कान पिळी या नाझींच्याच तत्त्वज्ञानाची छाया आपल्यावर पडते, असें त्यांचें म्हणणें होतें. दोस्तांचा झेंडा हा कायद्याचा झेंडा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती; आणि जे स्वतःला मुक्तिदाते म्हणवितात, त्यांनीं आपलें बळ कायद्याच्या ताब्यांत ठेविलें पाहिजे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. नाझी मारेकरी आणि त्यांच्याच टाचेखालीं चिरडलेले सामान्य जर्मन यांना एका रांगेंत उभें करणें म्हणजे रानटीपणाला आमंत्रण देणें होय, असा इशारा त्यांनीं दिला.

महाभारतांतील द्यूतसभेचा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. तेथें थोर थोर मंडळी माना खालीं घालून बसलीं असतां कौरवांतीलच एक भाऊ विकर्ण उठला आणि हें न्यायाचें नव्हे असें बोलला. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. तो आपला पक्षहि सोडून गेला नाहीं. ब्रिटिश मंत्रिमंडळ म्हणजे कौरवसभा नव्हे, आणि हिटलरशीं लढणाऱ्यांची बाजू मूळांत न्यायाची होती, हा भेद विसरून चालणार नाहीं. परंतु स्वपक्षांत राहून स्वपक्षाला न्याय विचारणें किती अवघड असतें, हें त्या कथेंत दिसतें तसेंच या चर्चेंतहि दिसतें.

बेल यांच्यामागून बोलणाऱ्यांत लॉर्ड फिट्झॲलन यांनीं त्यांना स्पष्ट विरोध केला. कँटरबरीचे निवृत्त आर्चबिशप लॉर्ड लँग यांनीं मात्र प्रश्न उपस्थित केल्याबद्दल त्यांची पाठराखण केली. त्या वेळीं कँटरबरीच्या गादीवर असलेले आर्चबिशप टेंपल यांना बेल यांचें मत पटलेलें नव्हतें, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावयास हवी. चर्च एकमुखानें बेल यांच्या पाठीशीं होतें, असें मुळींच नाहीं.

सरकारच्या वतीनें उत्तर देण्यास सभेचे नेते व वसाहतींच्या स्वराज्यखात्याचे मंत्री व्हायकाउंट क्रॅनबोर्न उठले. केवळ दहशत बसविण्यासाठीं ब्रिटिश विमानदलानें कधींहि हल्ले केलेले नाहींत, असें त्यांनीं प्रथम ठासून सांगितलें. परंतु पुढें त्यांनीं जें सांगितलें, तें कॉमन्स सभेला मिळालेल्या उत्तरांपेक्षां फार मोकळें होतें. जर्मनीचे प्रचंड युद्धोद्योग लुळे करावयाचे, तर ते ज्या शहरांत आहेत तेथील सगळें जीवनच ठप्प केलें पाहिजे आणि कामगारांना काम करणें अशक्य करून सोडलें पाहिजे, असें ते म्हणाले. सरकार हेंच धोरण चालवील, याबद्दल त्यांनीं शंका ठेविली नाहीं. आसपासचा भाग ओघानेंच सांपडतो, ही सिंक्लेअर यांची भाषा येथें गळून पडली. सबंध शहर हेंच लक्ष्य आहे, ही गोष्ट एका जबाबदार मंत्र्यानें पार्लमेंटमध्यें जवळजवळ कबूल केली, आणि ती सभेच्या छापील वृत्तांतांत कायमची नमूद झाली. रिवाजाप्रमाणें ठराव परत घेण्यांत आला. दिवसाचें फलित म्हणावयाचें तर एवढेंच.

बेल यांना याची किंमत द्यावी लागली. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांच्या गांवींहि त्यांच्या मतांचा रोष आधींच झाला होता. १९४३ च्या सप्टेंबरांत वैमानिकांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेच्या वेळीं आपण प्रवचन करूं नये, अशी विनंति त्यांच्याच कॅथीड्रलच्या डीननीं त्यांना केली होती. १९४४ च्या ऑक्टोबरांत आर्चबिशप टेंपल अकस्मात वारले. त्या पदाला योग्य म्हणून ज्यांचीं नांवें घेतलीं जात, त्यांत बेल यांचें नांव होतें. निवड मात्र लंडनचे बिशप फिशर यांची झाली. नेमणुकीची शिफारस मुख्य प्रधानांच्या हातांत असे, आणि फेब्रुवारींतील भाषण बेल यांच्या आड आलें, असें पुष्कळांचें मत आहे. बोनहोफरला ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनब्यूर्गच्या छळछावणींत फांशी देण्यांत आलें. बेल १९५८ सालीं वारले, ते चिचेस्टरचे बिशप म्हणूनच आपलें सारें कार्य करून.

बाँबवर्षाव चालूच राहिला. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेन जळालें. तेथें सुमारें २५ हजार लोक मेले. त्यानंतर २८ मार्च रोजीं खुद्द चर्चिलसाहेबांनीं टिपण लिहिलें कीं, इतर निमित्तें पुढें करून केवळ दहशत वाढविण्यासाठीं जर्मन शहरांवर चाललेल्या बाँबवर्षावाचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. सेनापतींच्या आग्रहावरून तें टिपण त्यांनीं परत घेऊन सौम्य शब्दांत पुन्हां लिहिलें. पण जो शब्द वर्षापूर्वीं लॉर्डांच्या सभेंत सरकारनें नाकारला होता, तोच शब्द सरकारच्या प्रमुखाच्या लेखणींतून उतरला होता.

इतिहासाचा निवाडा करतांना दुसरी बाजूहि तोलून पाहावी लागते. बाँबदलाचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी या युद्धांत प्राणास मुकले. त्यांतील बहुतेक विशी-पंचविशींतले तरुण होते. त्यांच्या हल्ल्यांमुळें जर्मनीला हजारों तोफा व लढाऊ विमानें घराच्या रक्षणासाठीं अडकवून ठेवावीं लागलीं, हें खरें. उलट, जर्मनींतील विमानांचें उत्पादन १९४४ सालीं कमी न होतां शिखरास पोंचलें, हेंहि तितकेंच खरें. या मोहिमेनें युद्ध किती लवकर संपलें, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. कायद्याच्या प्रश्नाचा निकाल मात्र पुढें लागला. एका शहरांत दूरदूर विखुरलेल्या अनेक लष्करी स्थळांना मिळून एकच लक्ष्य मानून सबंध शहरावर बाँब टाकणें निषिद्ध आहे, असें कलम १९७७ सालीं जिनीव्हा करारांच्या पुरवणींत घालण्यांत आलें. ब्रिटननें त्या पुरवणीला १९९८ सालीं मान्यता दिली. साधन व साध्य यांत प्रमाण असावें, हें बेल यांचें म्हणणें अशा रीतीनें राष्ट्रांच्या कायद्यांत येऊन बसलें.

वरिष्ठ सभागृहाचा उपयोग काय, असा प्रश्न अनेक देशांत विचारला गेला आहे. त्या बुधवारच्या कामकाजांत त्याचें एक उत्तर मिळतें. मत देऊन सरकार पाडणें किंवा सेनापतीचा हुकूम फिरविणें त्या सभेच्या हातीं नव्हतें. परंतु राष्ट्राच्या नांवानें चाललेलें कृत्य कोणतें आहे, हें सरकारला मोठ्यानें विचारणें आणि उत्तर मिळेपर्यंत तें ऐकून घेणें तिला शक्य होतें. आपल्याशीं असहमत असलेल्या एका सभासदाचें बोलणें तिनें युद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत शेवटपर्यंत ऐकलें, मंत्र्याला उत्तर द्यावयास लावलें, आणि दोन्ही भाषणें शब्दशः छापून ठेविलीं. हॅम्बुर्गचे मृत त्यामुळें परत आले नाहींत आणि ड्रेस्डेन वांचलें नाहीं. पण आम्हांला कोणीं विचारलेंच नव्हतें, असें म्हणण्याची सोय मात्र त्या दिवसापासून कोणालाहि उरली नाहीं.